जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा (तरुण माद्या) कशा मिसळाव्यात?

प्रश्न : परसदार

माझ्याकडे गेल्या दीड वर्षापासून सहा कोंबड्या आहेत. कोंबडा नाही. सहाही जणी एकाच वेळी पिल्ले म्हणून आल्या आणि एकत्र वाढल्या, त्यामुळे त्यांच्यात मोठे भांडण मी कधी पाहिलेले नव्हते. नऊ आठवड्यांपूर्वी एका दिवसाची चार मादी पिल्ले आणून ती घरातच खोक्यात, दिव्याच्या उबेवर वाढवली. आता त्यांना पुरती पिसे फुटली आहेत, दिव्याची गरज उरलेली नाही आणि खोके त्यांना अपुरे पडू लागले आहे.

परवा दुपारी मी चौघींना उचलून थेट कोंबड्यांच्या आवारात सोडले. पहिली दोन-तीन मिनिटे जुन्या कोंबड्या माना उंच करून नुसत्या बघत उभ्या राहिल्या, तेव्हा आता काही होणार नाही असे मला वाटले. मग त्यांतली सर्वांत थोराड कोंबडी मानेची पिसे फुलवून धावत आली आणि तिच्यामागोमाग बाकीच्याही आल्या. तिघी पिल्ले वाट फुटेल तिकडे पळाली. चौथी मात्र खुराड्यात शिरली आणि कोपऱ्यात डोके खुपसून बसली. ती हलत नव्हती, उलटून टोचत नव्हती, तरीही दोन कोंबड्या आळीपाळीने तिच्या डोक्यामागे चोच मारत राहिल्या. मी पोहोचेपर्यंत तेथली पिसे निघून बोटाच्या पेराएवढी जागा सोलवटली होती. चौघींना परत खोक्यात आणले आहे. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुतली असून तिच्यावर खपली धरली आहे.

खुराडे 6 फूट लांब व 4 फूट रुंद आहे, आत बसण्याची दांडी एकच, 5 फुटांची आहे आणि बाहेर 12 फूट × 8 फूट जाळीबंद आवार आहे. खाद्याचे भांडे एक, पाण्याचे एक. रात्री सगळ्या झोपल्यावर पिल्ले हळूच दांडीवर ठेवावीत, म्हणजे सकाळी जुन्यांना फरक कळत नाही, असे मला दोघांनी सांगितले. ते खरे आहे का? पिल्लांना कोणत्या वयात एकत्र करावे? किती भांडण होऊ द्यावे आणि मध्ये कधी पडावे? मला त्यांना पुन्हा तशा अवस्थेत पाहायचे नाही.

उत्तर : जुनी दांडी

कोपऱ्यात डोके खुपसून बसलेल्या पिल्लाचे आपण जे वर्णन केले आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, म्हणून मी तेथूनच सुरुवात करतो. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी कोणासमोरून बाजूला व्हायचे याची एक पक्की उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी 1922 साली पाळीव कोंबड्यांवरील निबंधात ती प्रथम नीट मांडली. ही उतरंड एकदा ठरली की रोजचे भांडण जवळजवळ थांबते, कारण खालच्या पायरीवरची कोंबडी वरचीला येताना पाहूनच दोन पावले सरकते आणि वरचीला चोच उचलावीही लागत नाही. आपल्या सहा जणींची उतरंड लहानपणीच ठरली असल्यामुळे आपल्याला ती कधी दिसली नाही, इतकेच.

नवी कोंबडी आली की तिची जागा ठरेपर्यंत टोचाटोची होणारच. ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. आपल्या हातात असते ते एवढेच की हरलेल्या पिल्लाला हार कबूल करून निघून जाण्याची वाट ठेवायची. कोंबडीच्या भाषेत हार म्हणजे दूर जाणे. तुमचे पिल्लू कोपऱ्यात अडकल्यामुळे दूर जाऊ शकले नाही. ते निमूट बसले होते खरे, पण टोचणाऱ्या कोंबड्यांच्या दृष्टीने ते अजून समोरच उभे होते, म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यात रक्त दिसले की त्या लाल रंगावर बाकीच्याही तुटून पडतात. पळून गेलेल्या तिघी बचावल्या त्या पळू शकल्या म्हणून.

आता जागेचा हिशेब पाहू. खुराड्यात दर कोंबडीमागे साधारण 4 चौरस फूट जागा धरतात. आपले खुराडे 24 चौरस फुटांचे, म्हणजे सहा जणींना नेमके पुरणारे आहे. दहा जणींना 40 लागतील. दांडीवर प्रत्येकीला 8 ते 10 इंच लागतात. 5 फूट म्हणजे 60 इंच, त्यातही सहा-सातच जणी मावतात. बाहेरचे आवार 96 चौरस फुटांचे आहे आणि तेथे दरडोई 8 ते 10 चौरस फूट धरले, तर ते दहा जणींना कसेबसे पुरेल. तेव्हा आजच्या स्थितीत या चार पिल्लांना रात्री बसायलाच जागा नाही, आणि ज्या खुराड्यात जागेची ओढाताण आहे तेथे कितीही युक्तीने मिसळले तरी दिवेलागणीला रोज भांडण उभे राहील.

माझी सूचना अशी आहे की खुराड्याला लागून 4 फूट × 4 फूट असा नवा कप्पा बांधावा आणि मधली भिंत सध्या फक्त जाळीची ठेवावी. नेमके कमी पडणारे 16 चौरस फूट त्यातून मिळतात, आणि पुढे जाळी काढली की तोच कप्पा खुराड्याचा भाग होतो. पिल्लांना तेथे किमान दोन आठवडे ठेवा; आपल्याकडे ती अजून नऊच आठवड्यांची आहेत, तेव्हा तीन-चार आठवडे ठेवलीत तर अधिक बरे. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नकोत, नाहीतर पिल्लाचे डोके पलीकडे जाते आणि तेथेच ते पकडले जाते. दोन्ही बाजूंची खाद्याची भांडी जाळीला लागून, समोरासमोर ठेवा. एकमेकींना पाहत खाण्याची सवय होणे हे त्या काळातले सर्वांत मोठे काम आहे. पहिल्या दिवशी जुन्या कोंबड्या जाळीवर चोची आपटतील. काही दिवसांनी त्या जाळीपाशी निवांत मातीत लोळू लागल्या की समजावे, ओळख पटली आहे.

वयापेक्षा अंगाचा आकार महत्त्वाचा आहे. पिल्ले जुन्या कोंबड्यांच्या निदान दोनतृतीयांश आकाराची झाल्याशिवाय जाळी काढू नये. बहुतेक जातींत ती वेळ 12 ते 16 आठवड्यांच्या दरम्यान येते. एकेक करून सोडण्याचा मोह टाळा. चौघींना एकदमच सोडा, कारण टोचणी चौघींत वाटली जाते आणि त्या एकमेकींच्या आधाराने राहतात.

जाळी काढण्याआधी आवाराची मांडणी बदला. एक फळी भिंतीला तिरकी टेकवा, म्हणजे तिच्यामागून दोन्ही टोकांनी जाता-येता येईल. दोन रिकामी लाकडी खोकी, एखादा ओंडका, थोड्या उंचीवर बसायला एखादी आडवी काठी ठेवा. कोणत्याही आडोशाला दोन तोंडे असलीच पाहिजेत, कारण एका तोंडाचा आडोसा हा तुमच्या त्या कोपऱ्यासारखाच सापळा होतो. खाद्याची आणि पाण्याची भांडी प्रत्येकी निदान दोन करा आणि ती अशा अंतरावर ठेवा की एका भांड्यापाशी उभ्या कोंबडीला दुसरे दिसणार नाही. थोराड कोंबडी दोन भांड्यांची राखण एकाच वेळी करू शकत नाही.

प्रत्यक्ष मिसळण्यासाठी असा दिवस निवडा की तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरी असाल. जुन्या कोंबड्या बाहेर चरत असताना पिल्लांना मोकळे करा, आणि आवारभर दाणे इतके विखरून टाका की प्रत्येकीची मान खाली राहील. एखादी धावून गेली, एक-दोन चोची मारल्या, थोडी पिसे उडाली, तर जागचे हलू नका. आपण मध्ये पडलो की ठरत आलेला निकाल अर्धवट राहतो आणि तेच भांडण पुन्हा होते. मात्र रक्त दिसले, एकीला दोघी-तिघींनी मिळून अडवले, किंवा एखादे पिल्लू खाली बसून उठेनासे झाले, तर त्याच क्षणी ते बाजूला घ्या.

पहिले दहा दिवस रोज रात्री दांडीवर बसलेल्या प्रत्येक पिल्लाच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला, बोटांनी चाचपून पाहा. दिवसभर पोटभर खाल्लेल्या पिल्लाची अन्नपिशवी तेथे गच्च भरलेली, लिंबाएवढी हाताला लागते. ती सपाट आणि मऊ लागली तर त्याला दिवसभर भांड्याजवळ येऊ दिलेले नाही, मग अंगावर एकही जखम दिसो वा न दिसो. टोचणी आपल्याला दिसते, उपासमार दिसत नाही, आणि मिसळताना पिल्ले खंगतात ती बहुधा उपासमारीने.

उत्तर : रानवाटा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण रोगांचा मुद्दा राहिला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चार वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून पाच महिन्यांच्या तीन तलंगा आणल्या. डोळे तेजस्वी, तुरे लालबुंद, पिसे चकचकीत. त्यांना वेगळे ठेवण्याची मला गरज वाटली नाही आणि त्याच संध्याकाळी मी त्यांना माझ्या आठ कोंबड्यांत सोडले. अकराव्या दिवशी माझ्या जुन्या कोंबड्यांपैकी एक तोंड उघडून श्वास घेऊ लागली, दुसरीच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस दिसू लागला, आणि आठवडाभरात निम्मा कळप घरघरत होता. नव्या तिघी शेवटपर्यंत ठणठणीत होत्या. मायकोप्लाझ्मासारखे श्वसनाचे रोग असेच असतात. बरी झालेली कोंबडी वरून निरोगी दिसते, पण रोग अंगात बाळगून असते, आणि नव्या जागेचा ताण पडला की तो बाहेर टाकू लागते. त्या महिन्यात मी दोन कोंबड्या गमावल्या.

तेव्हापासून बाहेरून आलेली कोणतीही कोंबडी मी 30 दिवस वेगळी ठेवते, आणि वेगळी म्हणजे जाळीपलीकडे नव्हे. जाळीतून हवा, धूळ आणि विष्ठा आरपार जातात. तिचे खुराडे दूर, भांडी वेगळी, पायांत घालायची चप्पलही वेगळी ठेवते, आणि रोज आधी जुन्या कोंबड्यांचे सगळे करून मगच नव्यांकडे जाते. वेगळे ठेवण्याचा काळ आणि जाळीतून ओळख करून देण्याचा काळ यांची गल्लत होऊ देऊ नये. आधी पहिला पूर्ण करावा, मग दुसरा सुरू करावा.

परसदार यांची पिल्ले एका दिवसाची असल्यापासून घरातच आहेत, त्यामुळे नऊ आठवडे ती आपोआप वेगळी राहिलीच आहेत. त्यांच्या बाबतीत धोका उलट्या दिशेने आहे. मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यांत कॉक्सिडियाचे परजीवी थोड्या प्रमाणात असतातच. लहानपणी लागण होऊन गेल्यामुळे त्या कोंबड्यांना त्यांचा त्रास होत नाही. स्वच्छ खोक्यात वाढलेल्या पिल्लांची मात्र या परजीवींशी गाठच पडलेली नसते. ओल्या आणि उबदार लिटरमध्ये (खुराड्यात अंथरलेल्या तुसात किंवा भुशात) विष्ठेतली बीजांडे एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात, आणि एकदम मोठी मात्रा पोटात गेली तर पिल्लू पिसे फुगवून, पंख सैल सोडून बसते आणि त्याच्या विष्ठेत रक्त दिसू लागते. यावर उपाय दोन. खुराड्यातील तूस किंवा भुसा कोरडा ठेवावा, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवती. आणि जुन्या खुराड्यातील कोरड्या लिटरची एखादी ओंजळ पिल्लांच्या जागेत टाकत राहावे, म्हणजे थोड्या लागणीतून प्रतिकारशक्ती येते. तरीही रक्त दिसलेच, तर वाट न पाहता विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्यकांकडे जावे. वेळेत ओळखले तर यावर उपचार आहेत.

मॅरेक्स रोगाची लस पिल्लांना जन्मल्या दिवशी दिली होती का, हेही एकदा विचारून घ्या. ही लस रोगाची गाठ आणि लकवा टाळते, पण विषाणूचा प्रसार थांबवत नाही. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या मोठ्या कोंबड्यांच्या पिसांच्या कोंड्यातून तो लस नसलेल्या पिल्लांपर्यंत पोहोचू शकतो.

उत्तर : पहाटपक्षी

रात्री दांडीवर ठेवण्याबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसते, त्यामुळे रात्री ठेवताना भांडण होत नाही हे खरेच आहे. परंतु त्या एकमेकींना चेहऱ्याने आणि तुऱ्याने नीट ओळखतात. सकाळी उजाडताच त्यांना फरक कळतोच, आणि तो कळतो तेव्हा सगळ्या बंद खुराड्यात, दार उघडायची वाट पाहत असतात. पळायला जागा सर्वांत कमी असते ती याच घडीला. म्हणून ओळख झालेली नसताना ही युक्ती मी करणार नाही.

मात्र जाळीतून ओळख झाल्यानंतर, दिवसा आवारात एकत्र चरू लागल्यानंतर, फक्त मुक्कामाची जागा बदलायची असेल तर ती उपयोगी पडते. त्यासाठी पिल्लांची दांडी वेगळी आणि जुनीइतक्याच उंचीची असावी, आणि उजाडण्याआधी आपण स्वतः जाऊन दार उघडावे. पहिले पाच-सहा दिवस तरी हे पहाटेचे उठणे चुकवू नये.

आणखी एक. पुढच्या वेळी एखादी कोंबडी खुडूक झाली तर तिच्याखालीच अंडी उबवून पाहा; तुमच्याकडे कोंबडा नाही, म्हणून फलित अंडी बाहेरून आणावी लागतील. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि आई त्यांना स्वतः कळपात फिरवते. तिच्या पिल्लांकडे कोणी मान वळवली तरी ती पंख पसरून अशी धावते की सर्वांत थोराड कोंबडीही बाजूला होते. ती त्यांना सोडून पुन्हा अंड्यावर येईपर्यंत ती पिल्ले कळपाचीच झालेली असतात.

प्रश्नकर्त्याकडून : परसदार

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आज पाच आठवड्यांनी लिहीत आहे. जुन्या दांडीने सांगितल्याप्रमाणे 4 × 4 चा कप्पा बांधला, त्यात दुसरी दांडी बसवली आणि पिल्लांना चार आठवडे जाळीपलीकडे ठेवले. जुन्या लिटरची ओंजळही टाकत राहिलो. विष्ठेत काही वावगे आढळले नाही. गेल्या रविवारी, चौदाव्या आठवड्यात, जाळी काढली. पहिल्या तासात सात-आठ वेळा पाठलाग झाला, परंतु तिरक्या फळीमागून तलंगा एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडत होत्या आणि पाठलाग करणारी फळीपाशी येऊन थांबत होती. दुपारनंतर सगळ्या दाणे टिपू लागल्या. कोपऱ्यात अडकलेल्या त्या तलंगेच्या डोक्यावर नवी पिसे आली आहेत आणि तीच सर्वांत आधी जुन्या भांड्यापाशी गेली.

दोन अडचणी उरल्या आहेत. ती थोराड कोंबडी अजूनही दिवसभर तलंगांच्या मागावर असते. बाकीच्या पाच जणींनी सोडून दिले, हिने नाही. काल रात्री चाचपून पाहिले तर दोघींच्या अन्नपिशव्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. आणि आता सगळ्याच जणी एकमेकींच्या भांड्यातले खातात, तेव्हा खाद्य कोणते ठेवावे?

उत्तर : रानवाटा

खाद्याचे आधी सांगते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण 3.5 ते 4 टक्के असते, वाढत्या पिल्लांना त्याच्या एकचतुर्थांश, म्हणजे 1 टक्क्याच्या आसपास पुरते. अंडे सुरू होण्याआधी आठवडेच्या आठवडे जास्तीचे कॅल्शियम पोटात गेले तर तलंगांच्या मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून सध्या सगळ्यांनाच वाढीचे खाद्य ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत द्या. अंड्यावरच्या कोंबड्या तो आपल्या गरजेनुसार खातात आणि तलंगा त्याकडे सहसा वळत नाहीत. तुरे लाल होऊन पहिली अंडी दिसू लागली, म्हणजे बहुधा 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास किंवा त्यानंतर, सर्वांना अंड्यावरचे खाद्य सुरू करता येईल. औषध मिसळलेले खाद्य मात्र जुन्यांची अंडी आपण खात असाल तर त्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. पिशवीवरील सूचना वाचूनच घ्या.

उत्तर : जुनी दांडी

थोराड कोंबडीसाठी तलंगांना पुन्हा बाजूला करू नका, तिलाच बाजूला करा. तीन-चार दिवस तिला कळपाला दिसणार नाही अशा जागी, स्वतंत्र अन्न-पाणी आणि आडोसा देऊन ठेवा. तेवढ्या काळात उरलेल्या नऊ जणींची उतरंड तिच्याविना बसते, तलंगा दोन्ही भांड्यांवर निर्धास्त खाऊ लागतात, आणि ती परत येते तेव्हा तिलाच आपली जागा नव्याने मिळवावी लागते. बहुतेक कोंबड्या एवढ्याने निवळतात. तिला परत सोडताना सकाळी, बाकीच्या आवारात पांगलेल्या असताना, भांड्यांपासून सर्वांत दूरच्या टोकाला सोडा, आणि त्या रात्री त्या दोन तलंगांच्या अन्नपिशव्या पुन्हा चाचपून पाहा.